मुलांच्या लेखनाचे वर्षभराचे अंदाजपत्रक

जून उजाडला की आपल्या वस्त्यांतून वह्यांची खरेदी सुरू होते. एक दुरेघी, एक चौरेघी, एक चौकटीची, दोन-तीन एकरेघी, त्यांना खाकी कागदाची कव्हरे आणि वर नाव, इयत्ता, तुकडीची चिठ्ठी. हातावर पोट असलेला बापही या खर्चाला मागेपुढे पाहत नाही. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच वह्या रद्दीवाल्याच्या तराजूत जातात. त्या जाण्यापूर्वी पालकांनी एखादी उघडून पाहावी. पाने भरलेली असतात, लाल शाईच्या सह्याही असतात. पण मुलाने स्वतःच्या डोक्याने लिहिलेले एक तरी पान त्यात आहे काय, हे शोधावे. बहुतेक वह्यांत ते सापडत नाही. फळ्यावरचे उत्तर वहीत, वहीतले उत्तर पेपरात, गाईडातला निबंध पुन्हा वहीत. हात वर्षभर राबतो आणि डोक्याला सुट्टी असते.

शिक्षकांवर सगळा दोष टाकून मोकळे होण्याचा माझा विचार नाही. दोन-दोन वर्ग एकत्र सांभाळायचे, माहिती भरून पाठवायची, त्यात निवडणुकीची कामे. चाळीस मुलांच्या चाळीस वेगवेगळ्या वह्या वाचण्यापेक्षा एकच उत्तर फळ्यावर लिहून देणे सोपे पडते, हे समजण्यासारखे आहे. पण परिणाम व्हायचा तो होतोच. आपल्या शाळांत ‘शुद्धलेखन’ नावाचा रोजचा गृहपाठ असतो. पुस्तकातल्या दहा ओळी पाहून उतरवणे, असा त्याचा अर्थ होऊन बसला आहे. त्याने अक्षराला वळण लागते हे खरे, आणि वळणदार अक्षर मलाही आवडते. परंतु उतरवणे वेगळे आणि लिहिणे वेगळे.

खिडकीपलीकडचा तरुण

मी कारकून आहे. खिडकीच्या अलीकडे बसतो. पलीकडे रोज माणसे येतात. कोणाला दाखला हवा, कोणाच्या नावात चूक झाली, कोणाची शिष्यवृत्ती अडकली. दहावी झालेला, बारावी झालेला तरुण कोरा कागद पुढे करून म्हणतो, ‘साहेब, मजकूर सांगा ना.’ मी सांगतो तसा तो लिहितो. माझे हात रिकामे नसले की तो बाहेर झाडाखाली टेबल टाकून बसलेल्या माणसाकडे जातो, पैसे मोजतो आणि तयार मजकुराचा अर्ज घेऊन येतो. त्या तयार मजकुरात ‘वरील विषयास अनुसरून’ असते, ‘आपला विश्वासू’ असतो, फक्त अर्जदाराची नेमकी अडचण नसते. एका विधवा भगिनीचे प्रकरण असेच महिनोन्‌महिने फिरत राहिले. नवऱ्याचे नाव दोन कागदांवर दोन प्रकारे पडले होते, एवढीच गोष्ट. ती तिने मला बोलून दोन वाक्यांत सांगितली. तिच्या तीन पानी अर्जात ती कुठेच नव्हती.

कोणी म्हणेल, आता मोबाइलला सांगितले की तो अर्ज लिहून देतो. देतो, आणि भाषा झाडाखालच्या माणसापेक्षा चांगली असते. पण काय मागायचे ते त्याला सांगावे लागते, आणि त्याने लिहिले ते आपलेच म्हणणे आहे का हे वाचून तपासावे लागते. ज्याने कधी स्वतःचे चार शब्द कागदावर मांडले नाहीत, त्याला ही तपासणी जमत नाही. तो फक्त सही करतो.

म्हणून हा विषय पहिली ते चौथीच्या मुलांचा आहे. नववी-दहावीत तो सुधारत नाही. तेव्हा गाईड पाठ करण्याची सवय हाडात मुरलेली असते.

शासनाचे आणि संस्थांचे लक्ष वाचनाकडे आणि गणिताकडे अधिक आहे. ‘असर’ ही पाहणी २००५ पासून खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन मुलाला उतारा वाचता येतो का, वजाबाकी-भागाकार येतो का, हे तपासत आली. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचे नावही समजून वाचणे आणि संख्याज्ञान यांवरून पडले. लेखन त्यात आहे, पण मागच्या बाकावर. आपल्या राज्य शासनाने २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पाने घातली होती. जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला. कोरे पान आले काय आणि गेले काय, त्यावर कोणत्या आठवड्यात काय लिहायचे हे ठरलेले नसेल तर ते कोरेच राहते.

वीस तासांचा हिशेब

मी वाणिज्य शाखेचा माणूस, तेव्हा आधी हिशेब मांडतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन झाले पाहिजे. त्यातून परीक्षा, स्नेहसंमेलन, पावसाने बुडालेले दिवस, गावी गेलेली मुले हे सर्व वजा करा. हाती तीस आठवडे राहतात असे धरू. आठवड्याला दोन बैठका, प्रत्येक बैठक वीस मिनिटांची. साठ बैठका, म्हणजे वीस तास झाले. आठशे तासांतले वीस तास म्हणजे रुपयातले अडीच पैसे. एवढे अडीच पैसे शाळेने काढले तर उत्तम. शाळेने नाही काढले तर वस्तीतल्या अभ्यासिकेने, विहारातल्या रविवारच्या वर्गाने, नाहीतर घरातल्या थोरल्या ताईने काढावेत. आमच्या वस्तीत विहाराच्या ओसरीवर तिसरी-चौथीच्या मुलांचा असा वर्ग आम्ही काही वर्षे चालवत आहोत. पुढची आखणी त्या अनुभवातली आहे.

एक पथ्य सुरुवातीलाच सांगतो. या कामाची वही वेगळी असावी. तीत लाल शाई नाही, गुण नाहीत, ‘छान’चा शिक्का नाही. शंभर पानी एकरेघी वही वर्षाला पुरते. पहिली-दुसरीच्या मुलाला दुरेघी द्यावी.

जून-जुलै हे दोन महिने बोलण्याचे. मूल जे बोलू शकत नाही ते लिहू शकणार नाही. शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात ‘माझी शाळा’ या विषयावर दहा ओळी लिहा म्हटले की मूल गाईड उघडते. त्याऐवजी त्याला विचारावे, आज येताना वाटेत काय दिसले? तो सांगेल, मोठ्याने त्याचे एक वाक्य कागदावर लिहावे, आणि मुलाने ते वाचावे. स्वतःच्या तोंडून निघालेले वाक्य कागदावर बसलेले पाहून मुलाच्या डोळ्यांत जे येते, ते पाहण्यासाठी पालकांनी एकदा तरी जवळ बसावे.

अगदी लहान मुलांसाठी न्यूझीलंडमधील सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर या शिक्षिकेची रीत फार उपयोगी आहे. त्या तिथल्या आदिवासी माओरी मुलांना शिकवीत. गोऱ्यांच्या घरांची वर्णने असलेली पुस्तके त्या मुलांच्या गळी उतरेनात. तेव्हा त्या प्रत्येक मुलाला रोज विचारू लागल्या, तुला कोणता शब्द हवा? मूल सांगेल तो शब्द जाड कागदावर लिहून त्यालाच द्यायच्या. दुसऱ्या दिवशी त्याला ओळखता आला तर शब्द त्याचा. नाही आला तर कागद फेकून द्यायचा, कारण तो शब्द त्याच्या मनाचा नव्हता. भीतीचे आणि प्रेमाचे शब्द मुले एकदाच पाहून ओळखीत. ‘टीचर’ हे त्यांचे पुस्तक १९६३ साली निघाले. ते मराठीतही आले आहे. आम्ही लग्नपत्रिकांचे मागचे कोरे भाग कापून अशी पत्ती करतो. पत्रिकांना आपल्याकडे तोटा नाही. ‘कमळ’ आणि ‘बदक’ मागणारे मूल मला अजून भेटलेले नाही. त्यांचे शब्द ‘नळ’, ‘जेसीबी’, ‘मामा’, ‘पोलीस’, ‘वडापाव’ असे असतात. ‘पोलीस’मधला ओकार आणि वेलांटी मूल एका दिवसात गिरवते, कारण शब्द त्याने मागून घेतलेला असतो.

बापाच्या हत्यारांची यादी

ऑगस्ट महिना याद्यांचा. यादी हा लेखनाचा सर्वांत सोपा प्रकार आहे. वाक्य जुळवावे लागत नाही, तरी पाहावे लागते आणि नेमका शब्द शोधावा लागतो. दप्तरातल्या वस्तू, आईच्या पिशवीतल्या वस्तू, बाजाराच्या दिवशी दिसलेल्या भाज्या असे करत करत आम्ही एका यादीवर येतो, ती म्हणजे आई-बाबा कामावर कोणकोणती हत्यारे वापरतात. हे मुलाने घरी विचारून यायचे. गवंड्याच्या मुलाने थापी, रंधा, ओळंबा, लाइनदोरी, घमेले असे लिहून आणले आणि ‘ओळंबा’ म्हणजे काय हे वर्गाला उभे राहून समजावून दिले. भिंत सरळ आहे की नाही हे त्या दोरीला टांगलेल्या वजनावरून कळते, हे वर्गातल्या कोणालाच ठाऊक नव्हते. शिकवणाऱ्या ताईलाही नव्हते. शाळेच्या पुस्तकात बापाला ठाऊक असलेले फार थोडे असते. त्या संध्याकाळी बापाला मुलाचा मास्तर होता आले.

इथे जरा थांबून एक गोष्ट स्पष्ट बोलतो. ‘माझी आई’ हा निबंध आपल्या सर्व मुलांना पाठ असतो. चौथीतल्या एका मुलीने तो आमच्यापुढे न अडखळता म्हणून दाखवला. त्यातली आई पहाटे उठून अंगणात सडा-रांगोळी करते, देवपूजा करते, मुलीला गोष्टी सांगून झोपवते. तिची खरी आई पहाटे पाचला हाउसकीपिंगच्या कामावर जाते. दहा बाय बाराच्या खोलीला अंगण नाही. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो आहे, देव्हारा नाही. गाईडातले घर एका ठरावीक घराचे आहे आणि त्या घरापुढे आपले घर लपवायचे असते, हे त्या पोरीला कोणी न सांगता कळले होते. मला यात खरा धोका वाटतो. मुलाला निबंध येत नाही हे परवडले. पण आपले जगणे लिहिण्याजोगे नाही असे त्याच्या मनाने आठव्या-नवव्या वर्षीच घेतले तर ते पुढे कशाने निघणार?

तिला आम्ही एवढेच विचारले, आई उठते तेव्हा तू जागी असतेस का? ती म्हणाली, नाही, पण आवाजाने कळते. मग आवाज लिही म्हटले. तिने पाच वाक्ये लिहिली. लायटर तीनदा वाजतो. मग पातेल्याचा आवाज. आई चपला हातात घेऊन दाराबाहेर जाते आणि बाहेर घालते, कारण आम्ही झोपलेलो असतो. या चपलांच्या वाक्यापाशी वर्ग गप्प झाला. गाईड छापणाऱ्यांना असले वाक्य सुचायचे नाही.

सप्टेंबरमध्ये आठवड्याची बातमी सुरू करावी. प्रत्येक मुलाने आठवड्यात स्वतः पाहिलेली एक बातमी चार ओळींत लिहायची. कोण, कुठे, कधी, काय. टीव्हीवरची बातमी चालणार नाही. कोणाच्या घरी बाळ आले, कोणाची सायकल पंक्चर झाली, मोरीत बेडूक निघाला. या बातम्या विहाराच्या किंवा वर्गाच्या भिंतीवर लावाव्यात. दुसरे कोणी वाचणार आहे म्हटले की मूल आपणहून अक्षर नीट काढते. ऑक्टोबरमध्ये सहामाही परीक्षा आणि सुट्टी यांत फार काही होत नाही. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जाऊन आलेली मुले असतील तर त्यांच्याकडून प्रवासातला एकच प्रसंग लिहून घ्यावा. सकाळी सहा वाजता निघालो इथपासून रात्री परत आलो इथपर्यंतचे लांबलचक प्रवासवर्णन नको. डब्यात जागा मिळाली नाही तेव्हा काय झाले, तेवढेच पुरे.

विजेच्या खांबाचा अर्ज

दिवाळीनंतरचा काळ पत्राचा आणि अर्जाचा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या आठवड्यात आम्ही मुलांकडून एक पोस्टकार्ड लिहून घेतो, गावी असलेल्या आजीला किंवा मामाला. पत्त्याची जागा, सहा आकडी पिनकोड, तारीख, मायना हे सगळे त्यात येते. मुख्य म्हणजे ते कार्ड खरोखर पेटीत पडते आणि आठ-दहा दिवसांनी गावाहून फोन येतो की पत्र मिळाले. परीक्षेच्या पेपरात ‘मामास पत्र लिहा’ असे असते. त्या मामाचा फोन कधी आला नाही.

मग अर्ज. अर्ज खरा असावा. आमच्या गल्लीतल्या खांबावरचा दिवा बंद होता. मुलांनी वॉर्ड कचेरीला अर्ज लिहिला. अंधार पडतो, कुत्री भुंकतात, बहिणींना शिकवणीहून येताना भीती वाटते. सगळे खरे आणि मनापासून लिहिलेले. तिथल्या कर्मचाऱ्याने वाचून विचारले, खांब नंबर काय? खांबाला नंबर असतो हे मुलांना माहीत नव्हते. ती परत गल्लीत आली, खांबावर रंगवलेला नंबर शोधला आणि दुसरा अर्ज लिहिला. तो पहिल्यापेक्षा निम्म्याने लहान होता. त्यात खांबाचा नंबर होता, दिवा कोणत्या तारखेपासून बंद आहे ते होते, आणि कोणाच्या घरासमोर ते होते. दोन आठवड्यांनी दिवा लागला. भावना लिहाव्यात, पण नंबरही लिहावा, हे त्या मुलांना आता आयुष्यभर सांगावे लागणार नाही.

डिसेंबर आणि जानेवारीत एक मोठे काम सर्वांनी मिळून करायचे, वस्तीचा इतिहास लिहायचा. यासाठी इटलीतल्या बार्बियाना या डोंगरातल्या गावाची पद्धत घेण्यासारखी आहे. लोरेन्झो मिलानी नावाचे एक धर्मगुरू तिथे शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवीत. सरकारी शाळांनी नापास करून घालवलेली ती मुले. त्यांतल्या आठ जणांनी मिळून एका शिक्षिकेला उद्देशून पत्ररूपाने एक पुस्तक लिहिले आणि गरिबांच्या मुलांना शाळा कशी बाहेर काढते हे आकडेवारीसह दाखवून दिले. १९६७ साली ते प्रसिद्ध झाले. मराठीतही त्याचा अनुवाद झालेला आहे. मुलांची लिहिण्याची रीत अशी होती : प्रत्येकाच्या खिशात कागद, सुचेल ते एका चिठ्ठीवर एकाच बाजूने लिहायचे, मग एके दिवशी सर्व चिठ्ठ्या मोठ्या टेबलावर पसरायच्या. एकसारख्या चिठ्ठ्या काढून टाकायच्या, उरलेल्यांचे गठ्ठे करायचे, एकेका गठ्ठ्याचे एकेक प्रकरण. शेवटी कोणता शब्द काढता येईल याची चढाओढ.

आमच्याकडे टेबल नव्हते, सतरंजी होती. मुलांनी म्हाताऱ्या माणसांना तीन प्रश्न विचारायचे ठरले. तुम्ही इथे कधी आलात? पहिले घर कशाचे होते? पाणी कुठून आणायचा? सतरंजीवर साठेक चिठ्ठ्या जमल्या. पाण्याचा गठ्ठा सर्वांत मोठा झाला. त्यात दोन आज्यांच्या हकिगती जुळेनात. एक म्हणे विहीर उत्तरेला होती, दुसरी म्हणे कधी विहीरच नव्हती. मुले दोघींना समोरासमोर घेऊन आली आणि दुपारभर ते भांडण रंगले. शेवटी मुलांनी दोन्ही लिहिले. माझ्या मते त्या दुपारी मुलांना इतिहास लिहिण्यातली अडचण कळली.

आजीची बोली वहीत

या कामात बोलीचा प्रश्न येतो. आमच्या वस्तीत कोणी नांदेड-परभणीकडचे, कोणी अकोल्याकडचे, कोणी सिंधुदुर्गातले. एका घरात ‘माय कामाला जायलीय’, दुसऱ्या घरात ‘मले मायनं सांगतलं’, तिसऱ्या घरात ‘माका ठावक नाय’. शाळेत यातले काहीही बोलले की मूल अशुद्ध ठरते. मग ते बोलतच नाही, आणि जे बोलत नाही ते लिहीत नाही. आम्ही नियम केला की आजी जे बोलली ते आजीच्याच बोलीत लिहायचे, अवतरणचिन्हांत. आणि आपण सांगतो ते शाळेच्या मराठीत. यामुळे अवतरणचिन्ह कशाला असते हे न शिकवता समजले. आपल्या लेखकांनी हा मार्ग कधीच मोकळा केला आहे. १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले. बेबीताई कांबळे यांनी फलटणला आपले छोटे दुकान सांभाळत, घरच्यांपासून लपवून ‘जिणं आमुचं’ लिहिले. त्या पुस्तकांतली बोली आज विद्यापीठात शिकवली जाते. मग ती चौथीच्या वहीत का चालू नये?

३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती येते. त्या दिवशी मुलांना मुक्ता साळवेची गोष्ट जरूर सांगावी. जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातील शाळेत शिकणारी मांग समाजातील ही मुलगी. अवघ्या तीनेक वर्षांच्या शिक्षणावर, चौदाव्या वर्षी तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. दीडशेहून अधिक वर्षे झाली, तो आजही वाचला जातो. त्या काळी निबंधाचे गाईड नव्हते. तिने आपल्या लोकांचे जे पाहिले-ऐकले तेच लिहिले. आमच्या वर्गात ही गोष्ट ऐकल्यावर एका मुलाने विचारले, तिच्या चुका कोणी तपासल्या? या प्रश्नाचे उत्तर आम्ही फेब्रुवारीसाठी राखून ठेवले.

फेब्रुवारी दुरुस्तीचा महिना. शुद्धलेखन नको असे माझे म्हणणे मुळीच नाही. खिडकीवर ‘सुनिता’ आणि ‘सुनीता’ यांच्या फरकाने माणसांचे काय हाल होतात हे मी रोज पाहतो. म्हणणे इतकेच की दुरुस्ती शेवटी यावी. मूल लिहीत असताना दर शब्दाला टोकले की ते फक्त येणारे शब्द वापरू लागते. ‘ओळंबा’ लिहायचे सोडून ‘दोरी’ लिहिते. वर्षभरातल्या लिखाणातून मुलाने स्वतःच्या आवडीची दोन पाने निवडावीत आणि तेवढीच दुरुस्त करून स्वच्छ उतरवावीत. दर आठवड्याला एकच नियम घ्यावा. मराठी शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी किंवा उकार दीर्घ असतो : पाणी, वहिनी, लाडू. ‘आणि’ हा त्याला अपवाद, तो एकदा भिंतीवर लिहून ठेवावा. पुढच्या आठवड्यात दुसरा : मूल पण मुलाला, फूल पण फुलाला, बहीण पण बहिणीला. तिसऱ्या आठवड्यात ‘न’ आणि ‘ण’. हा नियमाने सुटत नाही, कानाने सुटतो. म्हणून शब्द मोठ्याने वाचून घ्यावेत. घरी ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला ‘पाणी’ लिहिताना लाज वाटता कामा नये आणि घरी ‘पानी’ म्हणतानाही वाटता कामा नये. चौथ्या आठवड्यात पूर्णविराम. एवढे चार नियम पक्के झाले तरी पान ओळखू येणार नाही इतके बदलते.

मार्चमध्ये परीक्षा. तेव्हा हा वर्ग बंद ठेवावा, मुलांना गोष्टींची पुस्तके द्यावीत.

एप्रिलमध्ये जयंती. आपल्या जयंतीच्या मंचावर लहान मुले भाषण करतात, ते बहुतेक काकाने किंवा शिकवणीच्या सरांनी लिहिलेले असते. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजन वर्ग’ इथून सुरुवात होते, पोर श्वास न घेता तीन मिनिटे बोलते आणि टाळ्या घेऊन उतरते. त्यातला अर्धा मजकूर त्याला कळलेला नसतो. कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की यंदा निदान दोन मुलांना स्वतः लिहिलेली पाच वाक्ये वाचू द्यावीत. विषय मोठा नको. ‘बाबासाहेबांच्या फोटोखाली आमच्या घरात काय काय ठेवलेले असते’ एवढाही चालेल. अडखळत वाचले तरी चालेल.

ज्या आई-वडिलांना लिहिता-वाचता येत नाही त्यांना वाटते की यात आपले काम काय? त्यांचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे, ऐकण्याचे. मुलाने लिहिलेले रात्री जेवणानंतर वाचून दाखवायला सांगावे आणि वाचून झाल्यावर एक प्रश्न विचारावा, ‘मग काय झाले?’ मूल सांगेल ते उद्या वहीत लिहायला सांगावे. यासाठी अक्षर ओळखावे लागत नाही. अक्षर खराब आहे, पान वाकडे आहे असे त्या वेळी म्हणू नये. आमच्या वर्गात ज्या मुलांची वही वर्षाअखेर जाडजूड झाली, त्यांतल्या कित्येकांच्या आया अंगठा लावणाऱ्या आहेत.

ज्यांना जूनपासून जमले नाही त्यांनी दिवाळीनंतर सुरू करावे. तेव्हा बोलणे आणि याद्या हे दोन्ही नोव्हेंबरमध्ये चार आठवड्यांत आटोपावेत, अर्ज डिसेंबरात घ्यावा, वस्तीचा इतिहास जानेवारीत, तोही दोन गठ्ठ्यांपुरता. मुलांची संख्या पंधराच्या वर गेली तर दोन गट करावेत, कारण एका माणसाला वीस मिनिटांत पंधरापेक्षा जास्त वह्या वाचून होत नाहीत. वह्या विहाराच्या कपाटात ठेवाव्यात, आणि किल्ली कोणाकडे आहे ते दारावर लिहून ठेवावे.